नावापुढचं गाव

माझा भाऊ मल्लिनाथ खानापुरे जळकोटला लग्नपत्रिका छापतो. बसस्टँडसमोरच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. आमचे अप्पा होते तेव्हा तिथं शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची. दादा सातवीत असल्यापासून त्यांच्या शेजारी उभा राहून उलटी अक्षरं सरळ वाचायला शिकला. आता कॉम्प्युटर आहे, रंगीत छपाई लातूरहून होऊन येते, पण मजकूर अजून दादाच जुळवतो. तालुक्यात कुणाच्याही घरी कपाट उघडलं तर त्याची एखादी पत्रिका सापडेल.

आमच्याकडच्या पत्रिकेत देव चार ओळींत संपतात आणि मग माणसं सुरू होतात. आजोबा, चुलते, मामा, मावसे, साडू, व्याही. साठ, सत्तर, कधी शंभर नावं. लोक वहीच्या पानावर यादी लिहून आणतात आणि पत्रिका छापून झाल्यावर भांडायला येतात. एकदा मी दुकानात बसले असताना एक पाहुणे तणतणत आले.

"मल्लिनाथशेठ, माझ्या साडूचं नाव मेव्हण्याच्या खाली गेलं की! त्यो आता जेवणार न्हाई."

"वर घेतो मालक. पण मग मेव्हणा जेवणार न्हाई. ते चालंल का, घरी इचारून या," दादा म्हणाला.

पाहुणे हसत बसले. दादाचं असंच. आवाज चढवणं त्याला माहीत नाही. एकच गोष्ट तो कधी ऐकायचा नाही. यादीत नुसतं नाव असलं की त्याचा हात थांबायचा. "गाव सांगा." गिऱ्हाईक म्हणायचं, राहू द्या, सगळे ओळखतात. दादा म्हणायचा, "ओळखू द्या. गाव सांगा." अप्पांनी त्याला तसंच शिकवलं होतं. नाव एकटं उभं करायचं नाही, ते रस्त्यावर उभं केल्यासारखं दिसतं.

या हट्टामागे अजून एक माणूस होता. उमाशंकर वलांडे.

उमादादा चार वर्षांचा असताना त्याची आई त्याला घेऊन जळकोटला आली. कुठून आली ते तिनं कधी सांगितलं नाही. आमच्या लिंगायत मठाच्या मागच्या खोलीत राहायची, मठ झाडायची. तो आठवीत असताना ती वारली, आणि तेव्हापासून तो आमच्याच चुलीपाशी जेवला. मी दादाला राखी बांधायची तशीच त्याला. वर्गात एका बाकावर तिघं बसायचे, दादा, उमादादा आणि शेषेराव. शेषेरावचं घर खात्यापित्याचं होतं, तरी तोही निम्मा वेळ आमच्या घरी असायचा. कुणाच्याही घरात तो थेट स्वयंपाकघरापर्यंत जायचा. कोणत्या घरी कोणती रीत, कुणाचा मान कुणाच्या आधी, हे त्याला त्या घरच्या सुनेहून जास्त ठाऊक. लाघवी होता आणि तेवढाच खुनशीही. पेरूच्या झाडावरून त्याला एकदा एका पोरानं ढकललं होतं. शेषेरावनं दोन वर्षांनी त्याच झाडाखाली त्याचा हात मोडला. मधली दोन वर्षं त्या पोराबरोबर तो गोट्या खेळत होता.

दादाच्या लग्नाची पत्रिका अप्पांनी स्वतः जुळवली. मित्रमंडळीत उमाशंकरचं नाव आलं आणि त्यांनी विचारलं, "बाळा, गाव काय टाकू?"

"जळकोट टाका की अप्पा."

शेषेराव मशीनवर रेलून उभा होता. "जळकोट कसं काय? घर हाय का, रान हाय का? मठाच्या मागं काय गाव असतंय व्हय रे?"

सगळे हसले. उमादादाही हसला. "मग मोकळंच सोडा अप्पा. हवा येईल."

अप्पांचा हात अवघडल्यासारखा झाला, पण पोरगं हसतंय म्हणून त्यांनी जागा रिकामी सोडली. पत्रिका छापून आल्यावर ती जागा बोचू लागली. सगळ्या नावांपुढं गाव, ह्या एका नावापुढं पांढरा कागद. पुढं कितीतरी वर्षांनी उमादादाच्या पाकिटात मला ती पत्रिका दिसली. घडीवर फाटलेली, चिकटपट्टी लावलेली. मी दादाला सांगितलं. तेव्हापासून त्याचं "गाव सांगा" जास्तच झालं.

शेषेराव नांदेडला गेला आणि काही वर्षांत तिथं 'भाऊ' झाला. गोदावरीतली वाळू त्याच्या टिप्परनी निघायची. मग जागा रिकाम्या करून देणं आलं, व्यापाऱ्यांना फोन करणं आलं. उमादादा आधी त्याचा ड्रायव्हर होता, मग उजवा हात झाला. दिवाळीला यायचा तेव्हा गळ्यात जाड साखळी आणि नजर दाराकडं. वहिनी त्याला वाढताना म्हणायची, "भावजी, ती साखळी लिंगाच्या दोऱ्यात अडकून राहिली. एक कायतरी काढा." तो मान खाली घालून जेवायचा.

आणि माझ्या भावाचं सांगायचं तर त्याचेही हात स्वच्छ राहिले नाहीत. शेषेराव एक दिवस दुकानात आला, बरोबर वाळू वाहतुकीच्या सरकारी पासाचा नमुना. "मल्लू, असे छापून दे. तुझ्याइतकं कुणाला जमणार न्हाई." दादानं दोन वेळा छापून दिले. मैत्रीखातर म्हणायचं की भीतीपोटी, त्याचं त्यालाही सांगता येत नाही. तिसऱ्या वेळी उमादादाच आला आणि म्हणाला, "तू यात नको. त्याला मी सांगतो, मशीन बिघडली म्हणून." पास थांबले. पण छापलेले ते छापलेलेच.

मग एका घाटावर वाळूची गाडी अडवायला गेलेला तरुण तलाठी टिप्परखाली आला. अपघात म्हणून निभावलं. उमादादा मागच्या गाडीत होता. गाडी चालवणाऱ्याला फोनवर काय हुकूम मिळाला हे त्यानं कानानं ऐकलं होतं. तीन वर्षं तो गप्प राहिला. मग एका शिवरात्रीला आमच्या घरी आला, फराळाचं ताट पुढं घेतलं आणि खाईना.

"काय झालं उमादादा?" मी विचारलं.

"त्या तलाठ्याची आई दर सोमवारी नांदेडच्या मंदिरात येतीया नीले. मी बी जातो. ती मला परसाद देती. मला ओळखत न्हाई ती, म्हणून देती."

त्यानं सगळं कबूल करून जबाब दिला. पोलिसांनी खटला उभा केला आणि तो शेषेरावविरुद्ध मुख्य साक्षीदार झाला. त्याच दिवसापासून तो गायब झाला, संरक्षण देतो म्हटलं तरी थांबला नाही. म्हणायचा, भाऊची माणसं कुठं नाहीत? साक्षीची तारीख लागेपर्यंत जिवंत राहायचं, एवढंच त्याचं काम होतं.

कुठं गेला हे एकट्या दादाला माहीत होतं. महिन्यातून एकदा वेगवेगळ्या नंबरवरून फोन यायचा. पहिल्याच फोनवर त्यानं दादाकडून शपथ घेतली. दादानं गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून सांगितलं, कुणाला बोलणार नाही. बायकोलाही नाही. मला कळलं ते पत्रिकेमुळंच.

अक्षराचं, दादाच्या लेकीचं, लग्न ठरलं. मुलगा उदगीरचा, मृत्युंजय नावाचा, औषधाच्या दुकानात. लग्न मार्चच्या मध्याला, आणि उमादादाची साक्ष त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी. मी लातूरहून महिनाभर आधी मदतीला गेले. माझं काम प्रूफ वाचायचं. अप्पांच्या वेळेपासून ते माझंच, कारण मराठी शाळेतल्या बाईंनी माझ्या डोळ्यांना तेवढी एक शिस्त लावून ठेवली आहे.

वाचत वाचत मी मित्रमंडळीपर्यंत आले. श्री. उमाशंकर वलांडे, इस्लापूर.

"दादा, हे काय? इस्लापूर म्हंजे किनवटकडलं? उमादादा तिथं हाय?"

दादा उठला, दुकानाचं दार लोटलं आणि परत येऊन बसला. उमादादाचा शेवटचा फोन त्यानं मला सांगितला. इस्लापूरला केवळाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंची पिठाची गिरणी आहे. तिथं तो दळण दळतो. मागच्या खोलीत राहतो. बाईंनी त्याला लेकासारखं धरलंय, पोळ्याला त्याच्या हातानं बैलांची पूजा करवली. फोनवर तो म्हणाला होता, "मल्लू, मला आता लोक इचारतात ना, कुठले तुम्ही? मी इस्लापूर म्हणतो. अन् कुणी हसत न्हाई."

"नाव टाकू नको म्हणला त्यो," दादा म्हणाला. "पण पोरीच्या पत्रिकेत त्याचं नाव न्हाई, असं कसं व्हईल? अन् नाव टाकलं तर परत मोकळं सोडू का? अप्पांनी सोडलं तेवढं बास न्हाई का?"

"कुणी वाचलं म्हंजे?"

"नीले, तीस वर्षं पत्रिका छापून राहिलो. पत्रिकेत माणूस फक्त आपलं नाव बघतो. आपलं दिसलं की घडी घालतो. दुसऱ्याचं कोण वाचतंय?"

मला ते पटलं. शंभर नावांत एक नाव. मी पेन्सिलनं खाली बरोबरची खूण केली आणि पान उलटलं. त्या खुणेवर मी रोज पूजेला बसल्यावर परत जाते.

पत्रिका आल्या. पहिली सिद्धेश्वराला ठेवली, मग कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटं लावून वाटायला सुरुवात झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर पांढरी गाडी थांबली. पांढऱ्या शर्टातला एक माणूस उतरला आणि हात जोडून म्हणाला, "भाऊंनी पाठवलंय. म्हणले, एका बाकावरच्या दोस्ताच्या लेकीचं लग्न, अन् मलाच पत्रिका न्हाई?"

दारात येऊन पत्रिका मागणाऱ्याला रिकाम्या हातानं परत पाठवणं आमच्यात होत नाही. दादानं पाकिटावर 'श्री. शेषेराव' लिहिलं, आतल्या पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं आणि पत्रिका त्या माणसाच्या हातावर ठेवली.

त्याच दिवशी लातूरला बस्ता होता. दोन्ही घरची माणसं लग्नाचे कपडे घ्यायला जमलेली, गादीवर साड्यांचे ढीग, व्याहीणबाई म्हणत होत्या, "हा रंग आमच्यात चालत न्हाई बाई." मी दादाकडं पाहिलं. तो भिंतीला टेकून बसला होता आणि त्याचं कशाकडंच लक्ष नव्हतं. मी जवळ गेले.

"नीले," तो हळूच म्हणाला, "शेषेरावचं नाव त्या पत्रिकेत न्हाई."

"मग?"

"मग त्यो कुणाचं बघंल?"

मी म्हटलं, पोलिसांना सांगू. आत्ता, इथूनच. दादाचा चेहरा पडला. त्यानं सांगितलं नाही, पण मला कळलं. पोलिसांपुढं गेलं की पासांचं निघणार. पंधरा दिवसांवर लेकीचं लग्न, शेजारी व्याही बसलेले. तो म्हणाला, "उद्या सकाळी मीच जातो. त्याला दुसरीकडं हलवतो. शेषेराव काय लगेच शंभर नावं वाचत बसंल का?" आणि आम्ही साड्या घेतल्या. अक्षराचा शालू मीच निवडला. उमादादाला उलटा फोन करायला आमच्याकडं नंबर नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही दोघं निघालो. कंधार, लोहा, नांदेड, भोकर, हिमायतनगर. एसटीच्या खिडकीतून काय दिसलं ते मला आठवत नाही. मी मनात नमः शिवाय म्हणत होते आणि मधेच मोजणी विसरत होते. दादानं सगळ्या वाटेत एकदाच तोंड उघडलं, "त्याला आधी शिव्या खायच्यात माझ्याकडून, लवकर सोडून जा म्हणलं तर ऐकणार न्हाई त्यो."

इस्लापूरला पोचायला दुपारचे दोन वाजले. गिरणी बंद होती. ओट्यावर एक म्हातारी बाई सुपात ज्वारी निवडत बसली होती. दादानं नाव सांगताच तिचं तोंड फुललं.

"मल्लिनाथ तुम्ही? अन् इकडं कसं काय? उमा तर तुमच्याकडंच गेला की!"

"कधी?"

"सकाळी. तुम्हीच गाडी पाठवली ना? दोघं जण आले. म्हणले, मल्लिनाथ खानापुऱ्यांनी मूळ पाठवलंय."

मूळ म्हणजे मानाच्या माणसाला लग्नाला न्यायला घरचा माणूस पाठवणं. ज्याला मूळ येतं त्याला नाही म्हणता येत नाही. शेषेराव आमच्या घरी जेवून वाढलेला. आमच्यात कुणाला मूळ जातं हे त्याला शिकवावं लागलं नाही.

केवळाबाई सांगत होत्या आणि दादा ओट्याच्या खांबाला धरून उभा होता.

"आधी न्हाईच म्हणला त्यो. दाराच्या मागं उभा राहून इचारत व्हता, कोण तुम्ही, कुठून आलात. मग त्यांनी पत्रिका दिली. हळद-कुंकू लावलेली. त्यानं उघडली, बोट फिरवत फिरवत खाली आला अन् थांबला. मला म्हणला, माय, हे बघ. माझं नाव. अन् पुढं काय लिव्हलंय बघ. मला कुठं वाचता येतंय? त्यानंच वाचून दाखवलं, दोन बार. म्हणला, हे गाव मल्लूबिगर कुणालाच ठाऊक न्हाई, म्हंजे माणसं त्याचीच. पोळ्याला घेतलेला सदरा घातला, कपाळाला भस्म लावलं, अन् गेला. जाताना म्हणला, लग्न लावून येतो माय, दळण साठवून ठेव."

मग आम्ही पोलिसांत गेलो. दादानं सगळं सांगितलं, पासांसकट. एक दिवस आधी सांगितलं असतं तेच.

तिसऱ्या दिवशी पैनगंगेच्या काठाला, सहस्रकुंडाच्या बऱ्याच खाली, उमादादा सापडला. खिशातली पत्रिका भिजून लगदा झाली होती, तरी त्यावरचा दुकानाचा फोन नंबर वाचता आला, म्हणून बोलावणं दादालाच आलं. केवळाबाईही आमच्याबरोबर आल्या. पंचनामा लिहिणाऱ्यानं विचारलं, "नाव?" दादानं सांगितलं. "राहणार?"

लिहिणाऱ्यानं वर पाहिलं.

"इस्लापूर," केवळाबाई मागून म्हणाल्या. "राहणार इस्लापूर. लिवा."

त्यांनी आपल्या रानाच्या बांधाला जागा दिली. आमच्यात जसं बसवून पुरतात तसं जळकोटच्या मठाच्या स्वामींनी येऊन केलं. दादानं उमादादाचं इष्टलिंग त्याच्याच तळहातावर ठेवलं आणि किती वेळ त्याची बोटं मिटून धरली.

लग्न झालं. मुहूर्त धरलेला, पत्रिका वाटलेल्या. व्याह्यांना सगळं कळलं होतं. मृत्युंजयचे वडील घरी येऊन दादाला म्हणाले, "लेक आमची झाली, त्याच्यात बदल न्हाई. पुढचं तुमचं तुम्ही निस्तरा." अक्षतांच्या वेळी दादा मांडवात उभा होता, पण तांदूळ त्याच्या मुठीतच राहिले.

उमादादाच्या साक्षीच्या तारखेला कोर्टात त्याचं नाव पुकारलं गेलं. तीनदा पुकारतात. त्यानंतर त्या खटल्यात फारसं काही उरलं नाही. आता उमादादाच्या खुनाचा दुसरा खटला नांदेडला उभा आहे आणि त्यात मुख्य साक्षीदार माझा भाऊ आहे. पासांच्या गुन्ह्यात तो आरोपीही आहे, जामिनावर. दुकान सुरू आहे. मजकूर जुळवताना यादीत नुसतं नाव आलं तर तो आता काही विचारत नाही. गिऱ्हाईकच म्हणतं, शेठ, गाव राहिलं की.

मागच्या महिन्यात त्याची साक्ष झाली. मी मागच्या बाकावर बसले होते. पर्समध्ये भस्माची पुडी होती. शेषेराव पांढऱ्या कपड्यांत समोर बसला होता आणि दादाकडं अगदी शाळेतल्यासारखं बघत होता. त्याचे वकील उठले.

"मयत इस्लापूरला राहतो, हे तुमच्याशिवाय आणखी कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच न्हाई."

"तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"न्हाई. शपथ व्हती."

"मग माझ्या अशिलांना ते कसं कळणार?"

दादानं शेषेरावकडं पाहिलं नाही. कठड्यावर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडं पाहिलं.

"मी छापलं," तो म्हणाला.

न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. दादानं मला त्यातून वगळलं होतं. मला उठून उभं राहावंसं वाटलं. प्रूफ मी वाचलं होतं, खूण मी केली होती, हेही लिहा म्हणावंसं वाटलं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि पुढच्या साक्षीदाराचं नाव पुकारलं गेलं.